घेतलेली बंदूक, दिलेली पावती



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या वकीलसाहेबांच्या हाताखाली मी उमेदवारीची दोन वर्षं काढली. पोलिसांनी कुणाचं काही उचलून नेलं आणि तो माणूस कचेरीत रडत आला, की साहेब त्याला आधी पाणी द्यायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे : ‘पावती दिली का?’ सायकल असो, ट्रक असो, दागिना असो, प्रश्न ठरलेला. सरकारनं काही घेतलं तर ते कुणी घेतलं, कशासाठी घेतलं, कधी परत मिळणार, हे कागदावर हवं, असं त्यांचं सांगणं असे. आज त्या प्रश्नाचं बोट धरूनच मी बोलणार आहे.

दुसरी आठवण घरची. माझे काका सिंधुदुर्गात शेती करायचे. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. निवडणूक लागली की नोटीस यायची आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. काका ती आदल्या रात्री तेलाच्या फडक्यानं पुसायचे, जुन्या चादरीत गुंडाळायचे आणि सकाळच्या एसटीनं घेऊन जायचे. एकदा मी बरोबर होतो. हवालदारानं बंदुकीवरचा नंबर दोनदा वाचला, परवान्याशी ताडून पाहिला, दस्त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आणि कार्बन घातलेल्या पुस्तकातून पावती फाडून दिली. काकांनी ती चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि परतीच्या वाटेवर तीन-चार वेळा खिसा चाचपून बघितला. बंदूक गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण ती परत येणार याबद्दल शंका नव्हती. भरवसा त्या कागदावर होता.

आता चला अमेरिकेत. कारण आजचा विषय तिथला आहे आणि तो तिथेच नीट समजतो.

अमेरिकेत वीसहून अधिक राज्यांत एक कायदा आहे. एखादा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला आहे, अशी चिन्हं दिसत असतील, तर न्यायालय त्याच्याजवळच्या बंदुका काही काळापुरत्या काढून घेण्याचा आदेश देऊ शकतं. त्यानं गुन्हा केलेला असण्याची गरज नाही. तिकडे बोलीभाषेत याला ‘रेड फ्लॅग’ कायदा म्हणतात. आपल्याकडे लाल बावटा म्हटलं की गिरणगाव डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी किनाऱ्यावरचा शब्द घेतो : धोक्याचा बावटा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी पाण्यात जात नाही. होडी कोळ्याचीच राहते, जाळं त्याचंच राहतं, दर्यावरचा त्याचा हक्कही कुणी काढून घेत नाही. वादळ सरलं की बावटा उतरतो.

कायद्याची रीत साधारण अशी. बायको, आई, भाऊ किंवा पोलीस न्यायालयात अर्ज करतात. कोण अर्ज करू शकतं, हे राज्याराज्यात वेगळं आहे. फ्लोरिडात फक्त पोलीस करू शकतात, तर कॅलिफोर्नियात आता शिक्षक आणि सहकारीसुद्धा. निकड असेल तर न्यायाधीश समोरच्याला न ऐकता थोड्या दिवसांचा आदेश देतात, आपल्याकडे एकतर्फी मनाई हुकूम मिळतो तसा. मग दोनेक आठवड्यांत, कॅलिफोर्नियात एकवीस दिवसांत, पूर्ण सुनावणी. धोका आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. सिद्ध झालं तर बहुतेक ठिकाणी वर्षभरापर्यंत बंदुका बाहेर राहतात आणि तेवढा काळ नवीनही विकत घेता येत नाहीत. सिद्ध झालं नाही तर बंदुका परत.

हा कायदा आला कुठून? अमेरिकेतले बंदुकीचे बरेच कायदे येतात तिथूनच, म्हणजे प्रेतांच्या रांगेतून. मार्च १९९८मध्ये कनेक्टिकट राज्याच्या लॉटरीच्या कार्यालयात तिथल्याच एका हिशेबनिसानं चार वरिष्ठांना गोळ्या घातल्या आणि शेवटी स्वतःला संपवलं. पुढच्या वर्षी, १९९९मध्ये, त्या राज्यानं देशातला असा पहिला कायदा केला.

दुसरं राज्य इंडियाना, आणि तिथली हकिगत मला जास्त बोलकी वाटते. २००४च्या सुरुवातीला इंडियानापोलिसच्या पोलिसांनी मानसिक आजार असलेल्या एका माणसाच्या बंदुका उचलल्या. त्यानं पुढे त्या परत मागितल्या. पोलिसांना ठाऊक होतं की हा माणूस बरा झालेला नाही. पण बंदुका ठेवून घ्यायला त्यांच्या हातात कायदा नव्हता. त्यांनी त्या परत केल्या. ऑगस्टमध्ये त्यानं आधी स्वतःच्या आईला मारलं, मग रस्त्यावर येऊन पोलिसांवर गोळ्या झाडल्या. जेक लेअर्ड नावाचा अधिकारी मेला, आणखी चौघे जखमी झाले. २००५मध्ये त्या अधिकाऱ्याच्या नावानं कायदा झाला.

तिसरी घटना २०१४ची. कॅलिफोर्नियात आयला व्हिस्टा या विद्यार्थ्यांच्या वस्तीत एका तरुणानं सहा विद्यार्थ्यांना मारलं, तिघांना सुऱ्यानं आणि तिघांना गोळीनं. तीन आठवडे आधी त्याच्या आईनं त्याचे व्हिडिओ बघून काळजी व्यक्त केली होती आणि पोलीस त्याच्या दारापर्यंत गेलेही होते. पोरगा सभ्यपणे बोलला, पोलीस परतले. खोलीत बंदुका होत्या. कायद्यानं त्यांना आत जायला काही आधार नव्हता आणि आईकडे न्यायालयात न्यायला काही अर्ज नव्हता. कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी घरच्यांना अर्ज करण्याचा अधिकार दिला.

आणि २०१८च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलंड गावची शाळा. सतरा जीव गेले. बंदूकधारकांचं राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्लोरिडात रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी महिन्याच्या आत या कायद्यावर सही केली. तेव्हापासून तिथल्या न्यायालयांनी असे हजारो आदेश दिले आहेत. म्हणून हा कायदा फक्त एका पक्षाचा आहे, असं कुणी सांगितलं तर त्याला फ्लोरिडाचं नाव सांगा.

आता हक्काकडे वळतो, कारण हक्काची बाजू न समजता या विषयावर बोलणं म्हणजे निम्मंच बोलणं.

अमेरिकेच्या संविधानातली दुसरी दुरुस्ती १७९१ची. मूळ इंग्रजीत अवघे सत्तावीस शब्द. नागरी सेनेचा उल्लेख आणि पाठोपाठ लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा. या दोन तुकड्यांचा एकमेकांशी संबंध काय, यावर दोनशे वर्षं वाद चालला. २००८मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हा हक्क व्यक्तीचा आहे, सेनेत असा वा नसा. निकाल न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिला. मात्र त्याच निकालात त्यांनी हेही लिहिलं की हा हक्क अमर्याद नाही.

आपल्याला हे समजायला जड जातं. आपल्याकडे बंदूक म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची मर्जी. १८७८मध्ये इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा आणून हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार सरकारी परवानगीखाली बांधलं, स्वतंत्र भारतानं १९५९मध्ये नवा कायदा केला, पण पायाभूत कल्पना तीच राहिली. बंदूक सवलत म्हणून मिळते. तिकडे ती जन्मजात हक्क म्हणून असते. आयोवातल्या शेतकऱ्याच्या घरात आजोबांची रायफल कपाटात असते, नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला बाप मुलाला घेऊन जातो, एकटी राहणारी बाई उशाशी पिस्तूल ठेवून झोपते, कारण पोलीस यायला पाऊण तास लागतो. या माणसांना माथेफिरू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी ते करणार नाही.

२०२२च्या जूनमध्ये या वादानं दोन दिवसांत दोन वळणं घेतली. २३ जूनला ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की बंदुकीवरचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसत असेल तरच टिकेल. २५ जूनला अध्यक्ष बायडेन यांनी एका कायद्यावर सही केली. बफेलो आणि युवाल्डीच्या हत्याकांडांनंतर दोन्ही पक्षांनी मिळून केलेला तो कायदा. त्यात राज्यांना धोक्याच्या बावट्यासारख्या योजनांसाठी ७५ कोटी डॉलर होते. म्हणजे संसद राज्यांना म्हणत होती, हे कायदे नीट राबवा, आणि न्यायालय म्हणत होतं, अठराव्या शतकात असं काही होतं का ते दाखवा.

होतं का? अठराव्या शतकात कुणी आईच्या अर्जावर मुलाची बंदूक काढून घेत होतं का? नव्हतं. पण दुसरं काहीतरी होतं. शांतता भंग करील अशी भीती असलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभं करून त्याच्याकडून जामीन आणि बंधपत्र लिहून घेण्याची जुनी इंग्रजी रीत होती. श्रोत्यांत पोलीस खात्यातली किंवा वकिलीतली मंडळी असतील तर त्यांच्या ओठांवर शब्द आलाच असेल : चॅप्टर केस! गणपतीच्या आधी, निवडणुकीच्या आधी आपल्याकडे ज्याला त्याला चॅप्टर लावतात, ते आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७ होतं, आता नव्या संहितेत १२६ झालं. गुन्हा झालेला नाही, पण होईल अशी भीती आहे, म्हणून बॉण्ड लिहून दे. ज्या इंग्रजी कायद्यातून आपली चॅप्टर केस आली, त्याच कायद्यातून अमेरिकेची ही रीत आली.

२०२४च्या जूनमध्ये रहीमी खटल्यात याच परंपरेनं निकाल फिरवला. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात न्यायालयानं ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश दिला आहे, त्याच्या हातून बंदूक काढून घेता येते का, हा प्रश्न होता. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आठ विरुद्ध एक मतानं सांगितलं : जो माणूस दुसऱ्याच्या शरीराला धोका आहे असं न्यायालयाला आढळलं आहे, त्याला तात्पुरतं निःशस्त्र करता येतं. एकटे न्यायमूर्ती थॉमस विरोधात होते. हा निकाल थेट धोक्याच्या बावट्याच्या कायद्यांवर नाही, हे ध्यानात ठेवा. तिथे सुनावणी आधी झाली होती, इथे अनेकदा नंतर होते. पण निकालातल्या एका शब्दावर माझी नजर अडते, आणि तो शब्द आहे ‘तात्पुरतं’.

माझं आजचं म्हणणं या एका शब्दात आहे. दोन्ही बाजू भांडतात आणि दोन्ही बाजू हा शब्द विसरतात. एका बाजूला वाटतं की बंदूक एकदा सरकारच्या हाती गेली की गेलीच. दुसऱ्या बाजूला मनातून वाटतं की गेली तर बरंच झालं, परत कशाला द्यायची? मला वाटतं, परत देण्याची खात्री जितकी पक्की, तितका घेण्याचा अधिकार न्याय्य. घेण्यात घाई हवी आणि परत करण्यात प्रामाणिकपणा हवा.

विरोधकांची बाजू मी ऐकवतो, आणि ती बळकट आहे म्हणून ऐकवतो. पहिला आक्षेप : गुन्हा नाही, आरोप नाही, तरी शिक्षा? समोरच्याला न विचारता? २०१८च्या फेब्रुवारीत खुद्द अध्यक्ष ट्रम्प कॅमेऱ्यांसमोर म्हणून गेले की आधी बंदुका घ्या, प्रक्रिया नंतर बघू. त्यांच्याच समर्थकांना धक्का बसला, आणि बसायलाच हवा होता. प्रक्रिया नंतर बघू, हे वाक्य कुठल्याही सरकारच्या तोंडी शोभत नाही. आणि आक्षेप घेणारे फक्त बंदूकवाले नव्हते. ऱ्होड आयलंडमध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयूच्या शाखेनंही त्याच वर्षी या कायद्याच्या मसुद्यावर गंभीर हरकती घेतल्या होत्या. माणूस पुढे काय करील, याचं भाकीत न्यायाधीशानं करायचं, ही गोष्ट त्यांना धोक्याची वाटली.

त्याच ऱ्होड आयलंडमधलं एक घर बघा. क्रॅन्स्टन गाव, २०१५. नवरा-बायकोचं भांडण. नवऱ्यानं कपाटातून पिस्तूल आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बायकोला म्हणाला, मला मारून टाक आणि संपव एकदाचं. ती रात्र तिनं हॉटेलात काढली. सकाळी फोन लागेना म्हणून तिनं पोलिसांना बोलावलं. नवरा तपासणीसाठी रुग्णालयात जायला तयार झाला. त्याचं म्हणणं असं की बंदुकांना हात लावणार नाही या शब्दावर तो गेला. तो गेल्यावर पोलीस घरात शिरले आणि बंदुका घेऊन गेले. न्यायाधीशाचा आदेश नाही, वॉरंट नाही. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सगळ्या न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की पोलिसांचं चुकलं, काळजीपोटीसुद्धा वॉरंटशिवाय घरात असं शिरता येत नाही.

त्या बायकोचं काही चुकलं होतं का? नाही. ती घाबरली होती आणि तिनं हाक मारली. पोलिसांची काळजीही खोटी नव्हती. चुकलं ते हे, की मध्ये कागद नव्हता. आदेश नव्हता, सुनावणीची तारीख नव्हती. आमच्या साहेबांनी तिथेही तोच प्रश्न विचारला असता.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. ५ नोव्हेंबर २०१८. मेरीलँडचा कायदा लागू होऊन जेमतेम महिना झालेला. पहाटे सव्वापाचला पोलिसांनी एका साठीच्या माणसाचं दार ठोठावलं. तो हातात बंदूक घेऊन दारात आला. पहाटे कुणी दार वाजवलं तर तिथे अनेक माणसं तशीच येतात. पोलिसांना बघून त्यानं बंदूक बाजूला ठेवली. आदेश वाचून दाखवल्यावर तो चिडला, त्यानं ती पुन्हा उचलली, झटापट झाली, गोळी सुटली आणि पोलिसांनी त्याला ठार मारलं. ज्याचा जीव वाचवायला माणसं गेली, तोच गेला. या मृत्यूला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच विचारतो की हा हुकूम पहाटे सव्वापाचलाच का पोचवायचा होता? दुपारी बारा वाजता, ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन, का नाही? कायद्याचं कलम बरोबर असूनही त्याची वेळ चुकते आणि माणूस मरतो.

एवढं सगळं मान्य करूनही मी या कायद्याच्या बाजूनं उभा आहे. का, ते सांगतो. त्यासाठी शाळा, चित्रपटगृहं, हत्याकांडं क्षणभर बाजूला ठेवू.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यांतले २६,३२८ मृत्यू आत्महत्येचे होते. निम्म्याहून जास्त! बातमीत येतो तो गर्दीवर गोळ्या झाडणारा. बातमीत येत नाही तो पन्नाशीचा माणूस, ज्याची नोकरी गेली, घरी कुणी उरलं नाही, आणि जो रात्री एकटा कपाटाशी जाऊन उभा राहतो. ड्यूक विद्यापीठातले जेफ्री स्वॉन्सन यांनी सहकाऱ्यांबरोबर कनेक्टिकटमधल्या चौदा वर्षांतल्या ७६२ प्रकरणांचा अभ्यास केला. बहुतेक पुरुष, मध्यमवयीन, आणि एकेका घरातून सरासरी सात बंदुका निघालेल्या. हिशेब असा आला की दर दहा ते वीस जप्तींमागे एक आत्महत्या टळली.

दहा-वीस घरांतून बंदुका काढल्या तेव्हा एक माणूस वाचला. हे प्रमाण कमी वाटतं का? वैद्यकीला विचारा. कितीतरी औषधांचं मोजमाप याहून पातळ असतं.

यावर नेहमी विचारतात : मरायचंच ठरवलं असेल तर बंदूक नाही तर दुसरं काही सापडेल की? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारताना आपण थांबायला हवं. आपल्याला विदर्भ माहीत आहे. घरात फवारणीचं औषध असतं, कोपऱ्यात, हाताशी, आणि एका वाईट घटकेला ते हाताला लागतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. दुःख कमी झालं म्हणून नव्हे. कर्ज फिटलं म्हणून नव्हे. हाताशी असलेली वस्तू तेवढी प्राणघातक राहिली नाही म्हणून. ती घटका टळते, आणि टळली की बहुतेक माणसं जगतात. बंदुकीत ती सवडच नसते. बंदुकीनं केलेले दहातले जवळपास नऊ प्रयत्न जीव घेतात. घटका टाळणं, एवढंच या कायद्याचं काम. म्हणून तो तात्पुरता. वादळ कायमचं नसतं, बावटाही नसतो.

मग कायदा असूनही माणसं का मरतात? आता पुन्हा इंडियानापोलिसला जाऊ. ज्या गावात जेक लेअर्ड मेला, त्याच गावात.

मार्च २०२०. एक आई पोलिसांकडे गेली. मुलानं बंदूक विकत घेतली आहे आणि तो पोलिसांच्या हातून मरण ओढवून घेईल अशी भीती वाटते, असं तिनं सांगितलं. पोलीस आले, बंदूक घेतली, मुलाला तपासणीसाठी नेलं. इथवर सगळं कायद्याप्रमाणे. पुढची पायरी न्यायालयाची. सुनावणी झाली असती आणि धोका सिद्ध झाला असता, तर त्याला नवीन बंदूक घेता आली नसती. पण सरकारी वकिलांनी ती सुनावणी मागितलीच नाही. त्यांनी पुढे जाहीर कारण दिलं ते असं : घरच्यांनी बंदूक परत मागणार नाही असं कबूल केलं होतं, कायद्यानं दिलेले चौदा दिवस वैद्यकीय कागदपत्रं मिळवायला अपुरे होते, आणि न्यायालयात हरलो असतो तर बंदूक परत द्यावी लागली असती. काही महिन्यांनी त्या मुलानं दुकानातून, पूर्ण कायदेशीरपणे, दोन रायफली घेतल्या.

१५ एप्रिल २०२१च्या रात्री तो एका कुरिअर कंपनीच्या गोदामात गेला. तिथे तो पूर्वी काम करत असे. आठ माणसं मेली. त्यांतली चार शीख होती, तीन बायका आणि एक पुरुष. पंजाबातून गेलेली, काही साठी ओलांडलेली माणसं, रात्रपाळीत पाकिटं वेगळी करणारी. गोदामात मोबाइल न्यायला परवानगी नव्हती, त्यामुळे बातमी फुटल्यावर घरचे फोन करत राहिले आणि कुणी उचलला नाही. जवळच्या हॉटेलात नातेवाईक तासन्‌तास वाट बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली. त्यांतल्या पगड्या आणि ओढण्या बघितल्यावर मला हा विषय परका राहिला नाही.

बघा, त्या आईनं आपलं काम केलं होतं. पोटच्या पोराविरुद्ध पोलिसांत जाणं म्हणजे काय, हे आईबापांना सांगायला नको. बंदूकही घेतली गेली होती. राहिली ती फक्त सुनावणी. हरण्याच्या भीतीनं सरकार न्यायाधीशापुढे गेलंच नाही. विरोधक म्हणतात, सुनावणी हवी, हक्कासाठी हवी. मी म्हणतो, सुनावणी हवी, जीव वाचवण्यासाठीसुद्धा हवी! न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय घेतलेली बंदूक ही अर्धीच घेतलेली बंदूक असते. तो कागद मालकाचं जसं रक्षण करतो, तसंच गोदामातल्या रात्रपाळीचंही करतो.

न्यूयॉर्कमध्येही कायदा होता. बफेलोच्या मारेकऱ्यानं वर्षभर आधी शाळेत धमकी लिहिली, त्याची मानसिक तपासणी झाली, पण अर्ज कुणी केला नाही. कोलोरॅडोतही कायदा होता. २०२२मध्ये तिथल्या क्लब क्यू या नाइटक्लबमध्ये पाच जण मेले. मारेकऱ्याला आधीच्याच वर्षी बॉम्बच्या धमकीवरून अटक झाली होती आणि अर्ज तिथेही झाला नव्हता. त्या परगण्यानं तर हा कायदा आपल्याला नको असं आधीच जाहीर केलं होतं.

आपल्याकडची एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण काकांच्या बंदुकीचा धागा अजून सुटा आहे. निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेणं योग्य का, हा प्रश्न आपल्याकडेही उच्च न्यायालयांपर्यंत गेला. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार आता जिल्ह्याजिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले अशांचे परवाने तिनं तपासायचे आणि गरज असेल त्यांच्याच बंदुका घ्यायच्या. निकालानंतर त्या परत करायच्या. सूचना चांगली आहे. पण कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा, सरसकट नोटीस अजूनही निघते का, आणि डुकरं भुईमुगात शिरतात तेव्हा बंदूक कुठे असते. माणूस न बघता यादी बघितली की धोकादायक माणूस आणि भात राखणारा माणूस एकाच रांगेत उभे राहतात. अमेरिकेच्या कायद्यात हे बरं आहे की तिथे यादी नाही. एक माणूस, एक अर्ज, एक न्यायाधीश.

शेवटी मेन राज्य. अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं, जंगलांचं, शिकाऱ्यांचं राज्य. घरोघरी बंदुका आणि गुन्हे अगदी कमी. तिथे २०१९मध्ये तडजोडीचा कायदा झाला, त्याला ते ‘पिवळा बावटा’ म्हणतात. घरच्यांना न्यायालयाची वाट बंद. आधी पोलिसांनी त्या माणसाला ताब्यात घ्यायचं, मग वैद्यकीय तपासणी, मग न्यायाधीश. तीन दारं, आणि पहिल्या दाराची किल्ली फक्त पोलिसांकडे.

मे २०२३मध्ये तिथल्या एका राखीव सैनिकाच्या घटस्फोटित पत्नीनं आणि शाळकरी मुलानं पोलिसांना सांगितलं की त्याला भास होतात, माणसं आपल्याबद्दल वाईट बोलतात असं त्याला वाटतं, आणि त्यानं भावाच्या घरून दहा-पंधरा बंदुका आणल्या आहेत. जुलैत तो दोन आठवडे मनोरुग्णालयात होता. सप्टेंबरात त्याच्या सैन्यातल्या मित्रानं वरिष्ठांना संदेश पाठवला की हा गर्दीवर गोळ्या झाडील अशी मला भीती वाटते. पोलीस घरी गेले. आत हालचाल होती, दार उघडलं नाही, पोलीस परतले. २५ ऑक्टोबरला लुइस्टन गावात, आधी बोलिंगच्या खेळघरात आणि मग एका बारमध्ये, अठरा माणसं मेली. चौकशी आयोगानं सांगितलं की असलेला कायदा वापरून बंदुका काढून घ्यायला पोलिसांकडे पुरेसं कारण होतं.

बायकोनं सांगितलं होतं. मुलानं सांगितलं होतं. मित्रानं सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं, आणि ऐकणारं दार एकच होतं.

४ नोव्हेंबर २०२५ रोजी मेनच्या लोकांनी थेट मतदान करून धोक्याच्या बावट्याचा कायदा आणला. शिकाऱ्यांच्या त्या राज्यात, गव्हर्नरबाईंचा विरोध असताना, स्पष्ट बहुमतानं. आता तिथे घरची माणसं स्वतः न्यायाधीशापुढे अर्ज घेऊन जाऊ शकतात. मे महिन्यातल्या त्या दिवशी तो मुलगा आईबरोबर शाळेतल्या पोलीस अधिकाऱ्याकडे गेला होता. बापाबद्दल जे सांगायचं ते त्यानं सांगितलं. जायला दुसरी जागा त्याला नव्हती.